बापू आणि फ्रॉकवाल्या पोरी

बापूंच्या आवाजाला म्हसावदमधले ट्रकवाले टरकायचे. केळीचा घड गाडीत भरताना जरा आपटला की बापू शिवारभर ऐकू जाईल अशी शिवी हासडायचे. आणि हाच माणूस दुपारी जेवण झालं की ओट्यावर मांडी घालून मोबाइलवर जपानी कार्टून बघत बसायचा! हिंदीत बोलणाऱ्या, मोठ्ठ्या डोळ्यांच्या शाळकरी पोरी. त्या गिरकी घेतात, अंगावर झगमगता फ्रॉक येतो, हातात काठी येते आणि त्या राक्षसाशी लढायला निघतात. बापू तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. मिशीला पीळ, हातांवर केळीच्या चिकाचे काळे डाग आणि डोळ्यांत पाणी.

मी नाशिकहून सून म्हणून या घरात आले. बापू माझे चुलत सासरे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, आबांचे, धाकटे भाऊ. लग्न केलेलं नाही. कार्टून चालू असताना त्यांना चहा विचारू नकोस, असं मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. मी विचारला. हात वर करून म्हणाले, "थांब वं माय, आते ती बदली ऱ्हायनी!" ती बदलून होईपर्यंत मी कप घेऊन उभी. चहाला साय धरली.

एकदा चिडून विचारलंच, "बापू, पोराटोरांची ही गंमत. तुम्हाला काय सापडतं हो त्यात?"

"तिले कपडा बदलाले येळ लागस ना, तवढा येळ तो राक्षस बी उभा ऱ्हास," ते म्हणाले. "आपला भाऊबंद थांबतीन का?" मी खळखळून हसले. मग ते हळूच म्हणाले, "आनि आखरीले त्याले मारत नहीं. त्याले काय दुखस ते इचारतस."

आमच्या घरात कुणी कुणाला असलं काही विचारत नाही. पुरुष पुरुषाला तर नाहीच नाही.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, लुगडं, दागिने लेववून देवी सजवायची आणि सगळी भावकी एका घरी जमायची. ही सजावट बापूंकडे होती, त्यांच्या आईनं शिकवलेली. बिनलग्नाच्या माणसाचं मोठ्या खटल्यात स्वतःचं असं काय असतं? जमीन आबांच्या हातात, कारभार आबांच्या हातात. बापूंचं म्हणून जे काही होतं ते हेच होतं.

एका वर्षी त्यांनी देवीच्या लुगड्याला गुलाबी झालर लावली, पाठीमागे भलामोठा बो बांधला आणि बाजूला चमकीची काठी ठेवली, टोकाला चांदणी. खरं सांगते, इतकी देखणी कानबाई मी पुन्हा पाहिली नाही. पण एक जाऊबाई फिसकन हसल्या, "अय्या, ही तर बापूंच्या मोबाइलमधली!" सगळ्या बायका हसल्या आणि आबांचा चेहरा तापला.

"देवीनं सोंग करं तू!" आबा गरजले.

"सोंग नहीं, दादा. त्या पोरीस्ना बी आंगमा देवीच शे."

"चुकनं म्हन."

"चुकनं नहीं तर कसं म्हनू?"

अहो, 'चुकलं' म्हणून टाकायचं ना, एक शब्द! पण नाही. आबांनी सगळ्यांदेखत तो बो ओढून काढला. पुढच्या वर्षी शहाद्याहून तयार मुखवटा आणला, आणि बापू नवापूरला कोंबड्यांच्या फार्मवर सुपरवायझर म्हणून निघून गेले.

आता ऐका, माझं डोकं कशानं फिरतं ते. आमच्यात कानबाईचं आमंत्रण भाऊबंदाला देत नाहीत, ज्यानं त्यानं आपण होऊन यायचं. आबा म्हणायचे, "बलावाना रिवाजच नहीं. तो आपला आपला येई." बापू फोनवर म्हणायचे, "माले काढी टाकं ना? मंग दादानी एकदाव ये म्हनाले जोयजे." एक रिवाजाला चिकटलेला, दुसरा एका शब्दाला. माझे यजमान म्हणायचे, "तू मधे पडू नकोस." भिंतीवर डोकं आपटून घ्यावं असं वाटायचं!

मी एकदा नवापूरला गेले त्यांना न्यायला. तिथे खाद्याच्या पोत्याला मोबाइल टेकवलेला आणि भोवती बापू, लस टोचणारा एक गडी आणि बैलासारख्या मानेचा एक ट्रक ड्रायव्हर. तोंड उघडते तोच ड्रायव्हर म्हणाला, "ताई, जरा थांबा, ती बदलतेय." परक्या मुलखात माणसं गोळा केली होती यांनी! घरी चला म्हटलं तर नकारार्थी मान हलवली. मला चहा दिला आणि बसमध्ये बसवून दिलं.

कानबाईचे रोट असतात, जाडजूड पोळ्या. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं गव्हाची मूठ पडते, त्याच पिठाचे रोट होतात आणि ते भाऊबंदांनीच संपवायचे. बापू येत नसत, तरी त्यांच्या नावाची मूठ पडायची. आबा स्वतः टाकायचे. बापूंच्या वाट्याचा रोटही स्वतःच खायचे, शुगरची गोळी चालू असताना. कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

मग एका चैत्रात बापू नवापूरलाच वारले. छातीत कळ आली आणि संपलं.

त्यानंतरच्या श्रावणात गहू मोजायला बसलो. एकेक नाव झालं. आबांनी आणखी एक मूठ भरली आणि सासूबाईंनी त्यांचं मनगट धरलं. "गयेल मानूसनी मूठ नहीं टाकतस."

आबा मूठ आवळून बसले. इतक्या वर्षांत सासऱ्यांपुढे माझा आवाज चढला नव्हता, त्या दिवशी चढला. "आबा, त्यांचा वाटा दरवर्षी खाल्लात. नवापूर काय परदेशात आहे? सकाळी निघाला असतात तर दुपारच्या जेवणाला दोघं घरी आला असतात!"

कुणी मला गप्प केलं नाही. आबा खाली बघत म्हणाले, "माले वाटे, तो येई."

त्यांची मूठ काही उघडेना. शेवटी मीच एकेक बोट सोडवलं आणि ते गहू पोत्यात परत टाकले.