गाडी वेळेवर होती

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, खोलीत शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या मित्रालाही नाही. सांगायला गेलो की मधेच दुसरंच काहीतरी बोलून मोकळा होतो — मला ते छान जमतं. आज लिहितोय, म्हणजे निदान विषय तरी बदलता येणार नाही.

बडनेरा ते अमरावती डिझेलची एकडबी गाडी धावायची, ती तुम्ही पाहिली असेल. नसेल पाहिली, तर तिच्याबद्दल ऐकलं नक्की असेल. काय ऐकलंत? रोज उशिरा यायची, हेच ना? आमच्याकडे अजूनही लग्नात नवरदेव उशिरा पोचला की म्हातारी माणसं म्हणतात, डिझेलनं आला वाटते. लोक हसतात. मीही हसतो. त्या हसण्यात मी बाकीच्यांपेक्षा जरा मोठ्यानेच हसतो, हे अलीकडे माझ्या लक्षात आलंय.

गाडी दिसायला काही रुबाबदार नव्हती. इंजिन डब्याच्या पोटाखाली. त्यामुळे पहिल्या दिवशी माणसं फलाटावर वाकून वाकून इंजिन शोधत होती, आणि एका म्हातारबुवांनी तर बसायचंच नाकारलं — पुढं काही वढनारं दिसत नाई, मंग हे चालते कशी? लाल रंग, खाली पिवळसर पट्टा, आत लाकडी बाकं, आणि कपड्यांना दिवसभर तेलाचा वास. दोन्ही टोकांना ड्रायव्हरची खोली. अमरावतीला रूळ संपतात. कोळशाच्या गाडीला तिथे इंजिन सोडवा, फिरवा, पुन्हा जोडा, असा सगळा खटाटोप असे. हिचा ड्रायव्हर फक्त हॅन्डल काढून घ्यायचा, फलाटावरून चालत दुसऱ्या टोकाला जायचा, आणि तिथे तेच हॅन्डल बसवून गाडी परत न्यायचा. दिवसातून कितीदा तरी. हे चालणं लक्षात ठेवा. मला ते ठेवावं लागलंय.

ड्रायव्हर दौलतराव, आमच्या बडनेऱ्याचाच. आधी कोळशाच्या इंजिनावर भट्टीत फावड्याने कोळसा टाकणारा. डिझेल आली तेव्हा ती शिकायला जी दोन-तीन माणसं निवडली, त्यांत हा. त्याच्या घरात फावडं सोडून दुसरं काही हाती धरलेला हा पहिला. माझ्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. आमचं जमायला हवं होतं, नाही का?

कॉलेजात पहिल्याच महिन्यात इंग्रजीच्या तासाला प्राध्यापकांनी मला उभं करून उतारा वाचायला लावला. मी वाचला. वर्ग हसला. प्राध्यापक पुण्याकडचे, ते म्हणाले, हे इंग्रजी आहे की वऱ्हाडी? वर्ग पुन्हा हसला. एवढंच झालं. माणसाला कुत्रं चावतं, घर जळतं, तरी तो दुसऱ्या दिवशी कामावर जातो. मी मात्र दोनदा हसण्याने मोडलो. दुसऱ्या दिवशी अमरावतीला उतरलो आणि स्टेशनातून बाहेर पडलोच नाही. फलाटाच्या टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ एक बाक होता. तिथे बसलो. दुपारी फडक्यातली भाकर खाल्ली. चारच्या गाडीने घरी. बा जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या गाठी उचलून आलेला असायचा. विचारायचा, शिकवलं काय? मी म्हणायचो, हो, बरंच.

असे किती दिवस? मोजले नाहीत. कॉलेजाने मोजले. सत्र संपताना सूचनाफलकावर माझं नाव लागलं — हजेरी अपुरी, परीक्षेला बसता येणार नाही. प्राचार्यांनी बोलावलं. कारण? मी उभा राहिलो आणि तोंडातून निघालं, सर, गाडी रोज उशिरा येते. आधी ठरवलेलं नव्हतं. पण ते किती सहज निघालं, हे आठवून आजही स्वतःची किळस येते.

प्राचार्य काटेकोर होते. म्हणाले, एकट्याचं तोंडी नको. अर्ज लिही, गाडीने येणाऱ्या सगळ्यांच्या सह्या आण, मी स्वतः रेल्वेला पाठवतो. मी परतीच्या वाटेवरच अर्ज लिहिला. त्याच गाडीत बसून. त्या दिवशी ती वेळेवर होती. रोजच असायची.

सह्या बत्तीस मिळाल्या. अपुऱ्या हजेरीची मुलं काय, अशा अर्जाला सही द्यायला रांग लावतात. त्यांतले नऊ जण त्या गाडीत कधी बसलेले नव्हते. एक तर कॉलेजाच्या मागच्याच गल्लीत राहायचा. त्याने सही करताना विचारलं, कुठून येते ही गाडी? अशी ही देशाची शिकणारी पिढी. आणि तिचं पहिलं नाव माझं — अर्जावर सगळ्यांत वर.

रेल्वेचे एक साहेब चौकशीला आले. अमरावती स्टेशनाच्या वेटिंग रूममध्ये टेबल मांडलं. कॉलेजाचा हेडक्लार्क, मी, आणि भिंतीशी दौलतराव, टोपी हातात. स्टेशनच्या वहीत गाडी रोज वेळेवर नोंदलेली होती. पण प्राचार्यांनी पत्रात आधीच लिहून ठेवलं होतं की नोंद करणारे आणि गाडी हाकणारे एकाच खात्याचे. शिकलेल्या माणसांचा कागदावर किती विश्वास! फक्त तो कागद दुसऱ्या शिकलेल्याने लिहिलेला हवा.

आणखी एक गोष्ट आहे, ती टाळावीशी वाटते. दौलतराव बौद्ध. धर्म बदलून चार-पाच वर्षं झाली होती, तरी आमच्या आळीत त्याला जुन्याच जातीच्या नावाने ओळखणारे होते. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या वावर वाहणारे कुणबी. तो बोलला आणि मी बोललो, तर कुणाचं खरं धरलं जाईल — हे मला त्या खोलीत पाऊल टाकायच्या आधीच ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मी ठेवत नाही.

साहेबांनी त्याला विचारलं. तो शांतपणे बोलला. "सायेब, गाडी लेट नाई. हा पोरगा साडेधाच्या आंदी उतरते अन् टाकीपाशी बाकावर बसते. मी हॅन्डल घेऊन इकून तिकडं जातो, तवा याले पायतो. दुपारीबी पायतो, चारलेबी पायतो. हा कालेजात जातच नाई. काहून जात नाई, थे मले नाई मालूम."

म्हणजे तो रोज पाहत होता. सगळ्या अमरावतीत माझी खरी हजेरी घेणारा तेवढा एक माणूस.

साहेब माझ्याकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, हे खरं आहे का? आणि मी इंग्रजीत उत्तर दिलं. हा मनुष्य खोटं बोलतो आहे. आपली चूक झाकण्यासाठी त्याने ही गोष्ट रचली आहे. एका दमात, न अडखळता, एकही चूक न करता. ज्या भाषेच्या भीतीने मी सत्रभर बाकावर बसलो, ती त्या क्षणी जिभेवर कुठून आली? साहेबांनी मान डोलावली आणि वही मिटली.

दौलतरावला इंग्रजी येत नव्हतं. त्याने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "काय म्हनलं बाबू तू?"

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. कुणीच त्याला सांगितलं नाही.

मला परीक्षेला बसू दिलं. दौलतरावला डिझेलवरून काढून अकोल्याच्या यार्डात टाकलं — डबे इकडून तिकडे ढकलणाऱ्या कोळशाच्या शंटिंग इंजिनावर, पुन्हा फावडं. गाडीवर नवा ड्रायव्हर आला. तोही ती वेळेवरच आणायचा, पण आता घड्याळ बघत कोण होतं? आमचा अर्ज गावभर झाला होता. पुढे वर्षभरात गाडीच काढून घेतली. रेल्वेने काय कारण लिहिलं मला माहीत नाही; सुटे भाग मिळत नसतील. गावाने कारण लिहून टाकलं होतं. तिच्या जागी कोळशाचं इंजिन आणि दोन जुने डबे आले. ते खरोखर उशिरा यायचे, आणि त्यांना कुणी काही म्हणत नसे. डिझेल बडनेऱ्याच्या एका कडेच्या रुळावर कित्येक महिने उभी होती. तिच्या सावलीला शेळ्या बसत. मी कॉलेजला जाताना दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसायचो.

याला आता पाच वर्षं झाली. मी एम. ए. करतोय — इंग्रजी घेऊन, आणखी काय.

गेल्या उन्हाळ्यात चुलतभावाच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, अकोल्याला गेलो होतो. परतीच्या गाडीला वेळ होता. फलाटाच्या शेवटी, यार्डाच्या बाजूला, नळावर एक माणूस हातपाय धूत होता. हातांवरून काळं पाणी वाहत होतं. मी ओळखलं आणि वळलो. पण त्याने आधीच हाक मारली होती.

शिकणं चालू आहे का, विचारलं. बा कसा आहे, विचारलं. मग हात पुसत, जरा लाजल्यासारखा म्हणाला, "बाबू, एक गोष्ट पुसू काय? त्या दिवशी तू सायबाले इंग्रजीत काय म्हनलं होतं? मले कोनी सांगतलंच नाई. बायको म्हनते, त्यानं तुमाले खोटारडा म्हनलं असंन. मी म्हनलं, तोंडावर असं कोनी कसं म्हनंन?"

पाच वर्षं. मला सांगता आलं असतं. तिथे साहेब नव्हते, प्राचार्य नव्हते, परीक्षा नव्हती. काहीच जाणार नव्हतं माझं.

मी म्हणालो, "मी सांगितलं होतं, दौलतराव चांगला माणूस आहे. त्याचा दोष नाही. दोष गाडीचा आहे."

तो हात पुसायचा थांबला. मग म्हणाला, "गाडीचा नाई बाबू. गाडी कदी लेट नव्हती."

एवढं बोलून तो हसला. मोकळं हसला. यार्डातल्या केबिनच्या पायरीवर त्याचा जोडीदार स्टोव्हवर चहा करत बसला होता. त्याला त्याने ओरडून सांगितलं की, हा थो पोरगा, आमच्या गावचा, माह्यासाठी सायबापुढं इंग्रजीत बोलला होता. जोडीदाराने माझ्याकडे आदराने पाहिलं, फडक्याने कप पुसला आणि पहिला चहा मला दिला.

मी तो घेतला. उभ्याउभ्या प्यालो, सगळा.