चकत्या कापणारी ताई

प्रयोगशाळेत सगळे तिला ताईच म्हणत, वयाने मोठे असलेले प्रमुखसुद्धा. उंदरांच्या अवयवांचे तुकडे मेणात बसवायचे, यंत्रावर केसाहून पातळ चकत्या कापायच्या आणि कोमट पाण्यावरून अलगद काचेवर घ्यायच्या, हे तिचं काम. मध्येच कुणी बडबड केली तर ताई त्याला नुसत्या नजरेनेच गप्प करी.

ताईची धाकटी बहीण शिवणकाम करायची. तिच्या जिभेलाही कात्रीइतकीच धार. तिच्या स्तनातली गाठ काढली, तेव्हा प्रयोगशाळेत नेमकं तेच काम चाललं होतं: कॅन्सरची गाठ एकीकडे असताना दूरच्या फुफ्फुसात आधीपासूनच काय बदलतं? कधी नव्हे त्या ताईच्या चकत्या फाटू लागल्या. ताईने पातं बदललं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

"गाठ तर काढली," एका दुपारी शिवणयंत्र थांबवून धाकटीने विचारलं. "मग सारखे छातीचे फोटो कशाला?"

ताईने टाळून पाहिलं. धाकटी हटेना.

"गाठ असते तोवर गप्प बसत नाही गं," शेवटी ताई म्हणाली. "रक्तातून बारीक पुड्या सोडते. त्या फुफ्फुसातल्या पेशींना फितवतात. तिथली वीण बदलते, राखण करणाऱ्या पेशीच उलट तिच्या मदतीला लागतात. कॅन्सरची एकही पेशी तिथे पोचलेली नसताना."

"म्हणजे पाहुणीच्या आधी अंथरूण तयार."

"उंदरांत तसं दिसतं. माणसांत कितपत, ते अजून शोधताहेत. आणि अंथरूण घातलं म्हणून पाहुणी येतेच असं नाही."

"हे इतके दिवस पोटात ठेवलंस?"

"तू घाबरशील म्हणून."

"घाबरले तर होतेच. एकटीच घाबरत होते, एवढंच."

त्यानंतर मात्र प्रत्येक तपासणीला ताई रजा काढून बरोबर गेली. बाकावर बसल्या बसल्या धाकटी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कपड्यांच्या शिवणीला नावं ठेवायची आणि ताई हसू दाबायची. फोटो स्वच्छ येत गेले.

पुढे एकदा प्रमुखांना विचारून ताईने तिला प्रयोगशाळेत नेलं आणि सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. काचेवर गाठ असलेल्या उंदराच्या फुफ्फुसाची रंगवलेली चकती होती, गुलाबी-जांभळी.

"रंग झकास आहे. अस्तराला शोभेल," धाकटी म्हणाली.

मग भिंगावरून डोळा न हलवता तिने ताईचा हात चाचपला आणि घट्ट धरून ठेवला.