माझ्या मामेसासऱ्यांचा खुबा

माझ्या बायकोच्या मामांइतका लोकांच्या चेहऱ्यांविषयी बेफिकीर माणूस अख्ख्या ठाण्यात सापडणार नाही. ते माणूस ओळखतात चालीवरून, आणि चाल म्हणजे त्यांच्या मते निव्वळ खुबा. मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवून ते रिटायर झाले खरे, पण त्यांचं शिकवणं काही रिटायर झालं नाही. मी पहिल्यांदा बायकोच्या माहेरी गेलो तेव्हा बाकीच्यांनी माझं शिक्षण विचारलं, नोकरी विचारली. मामांनी मला उठवून एका पायावर उभं केलं. राहिलो उभा. लग्न ठरायचं होतं, करतो काय! त्यांनी मागून माझी कंबर न्याहाळली आणि भर बैठकीत जाहीर केलं, "दुसरी बाजू खाली झुकत नाही. खुब्याचे स्नायू मजबूत आहेत. मुलगी द्यायला हरकत नाही."

नौपाड्यातल्या घरातून मामा कोथिंबीर आणायला निघाले की दीड तासाची निश्चिंती. रस्ताभर त्यांची निदानं चालू. एकदा आमच्या वॉचमनला अडवून म्हणाले, "अरे, तुझा उजवा खुबा दुखतोय आणि काठी उजव्या हातात? दुखऱ्या बाजूच्या उलट्या हातात धरायची!" तो बिचारा म्हणाला, "साहेब, काठी कुत्र्यांसाठी आहे." तरी मामांनी ती डाव्या हातात घ्यायला लावलीच. दुसऱ्यांदा घोडबंदर रोडला माझ्या गाडीत बायको पुढच्या सीटवर पायावर पाय टाकून बसली, तर मागून मामा ओरडले, "पाय खाली! गाडी आदळली तर गुडघा पुढे आपटेल आणि मांडीचं हाड खोबणीतून मागे निसटेल!" पाऊण तास आम्ही ट्रॅफिकमध्ये एकाच खांबासमोर उभे होतो. "अहो मामा, आदळायला आधी हलायला तर हवी," मी वैतागून म्हणालो. बायकोने मात्र पाय खाली घेतला.

खुब्याचं त्यांना अतोनात कौतुक. दिवाळीला त्यांच्याकडे गेलं की फराळाआधी व्याख्यान. "खांदा म्हणजे बशीतला लाडू, कधीही घरंगळेल. खुबा म्हणजे खोल वाटीत घट्ट बसलेला लाडू! वर शरीरातला सगळ्यात दणकट बंध त्याला पुढून आवळून धरतो, म्हणून आपण न थकता उभे राहतो." मामी म्हणायच्या, "अहो, खाऊ द्या त्यांना तो लाडू." तेवढ्यापुरते मामा थांबायचे.

गेल्या वर्षी हेच मामा बाथरूममध्ये घसरले. मामींचा फोन आला तसा मी धावलो. पाहतो तर मामा लादीवर आडवे, चेहरा पांढराफटक आणि तोंडाने तास चालू. "बघा जावईबापू, पाय आखूड झालाय आणि बाहेर वळलाय. मांडीच्या हाडाची मान मोडली." एक्स-रेत अगदी तेच निघालं. ऑपरेशन झालं, हाडाचं डोकं बदललं, छान झालं म्हणाले सगळे. दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं राहायचं होतं आणि तिथे मामांनी हाय खाल्ली. "नवा सांधा निसटला तर? वर्षानुवर्षं मीच शिकवलंय, कसा निसटतो ते!" जगाला एका पायावर उभं करणारा हा माणूस दोन पायांवर उभा राहीना. घरी आणलं तरी तेच. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, असेच पडून राहिले तर छाती भरेल, पाठीला जखमा होतील, मग उठवणं कठीण. मी समजावलं, रागावलो, एकदा तर चक्क भांडलो. खरं सांगायचं तर मला फार भीती वाटत होती.

घरी आल्याच्या आठव्या दिवशी माझ्यादेखत मामींनी वॉकर पलंगाशी आणून ठेवला, मामांना काठावर बसवलं. "मी दारापर्यंत जाते, तुम्ही मागून या," म्हणाल्या आणि चालू लागल्या.

"थांब," मामा म्हणाले. "अगं, पुन्हा चाल बघू. डाव्या पायावर वजन आलं की झुकतेयस तू."

मामी वळल्या नाहीत. बाजारात, लग्नाकार्यात, स्टेशनात, सगळीकडे मामा दोन पावलं पुढे आणि मामी पिशवी घेऊन मागे, असाच त्यांचा संसार झाला होता. घरात मामांचं डोकं पुस्तकात. साऱ्या ठाण्याची चाल तपासणाऱ्या माणसाने बायकोला पाठमोरी चालताना कधी नीट पाहिलंच नव्हतं.

"कधीपासून दुखतंय?"

"झाली असतील सहा-सात वर्षं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही सगळ्यांचं न सांगता ओळखता," मामी म्हणाल्या. "वाटलं, माझंही ओळखाल."

मामांनी वॉकर पकडला, मी पुढे झालो तर "हात लावू नका" म्हणाले आणि थरथरत उभे राहिले. "चल तू पुढे. मला नीट बघू दे." मामी चालल्या, मागून मामा, एकेक पाऊल टाकत, डोळे मामींच्या कमरेवर आणि गालांवरून पाणी. दारापाशी पोचल्यावर त्यांनी धापा टाकत मामींचा दंड धरला. "उद्या तुला डॉक्टरांकडे नेतो."

"तुम्ही चालत येणार असाल तर येते," मामी म्हणाल्या.

आता संध्याकाळी दोघं खाली फिरायला उतरतात, मामी पुढे आणि मामा मागे. बघून बरं वाटतं. मामांना मी काय बोलणार? त्या सहा-सात वर्षांत दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवत होतो, मामी स्वयंपाकघरातून गरम पोळी घेऊन दहादा माझ्यासमोर ये-जा करत होत्या, आणि मी आणखी एक वाढा म्हणत होतो.