मामाच्या खांद्यावरची पिन

आधीच सांगून टाकतो, या सदरातले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक आहे. रांजणगावला एका कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. ‘साहेब, मशीन आपोआप चालू झालं’ असं ऑपरेटर म्हणाला की मी मशीनच्या आधी त्यालाच तपासतो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण बायको म्हणाली, लिहा एकदाचं, म्हणजे रोज जेवताना तेच तेच ऐकायला नको.

आमचं गाव कवठे येमाई, तालुका शिरूर. आजोबांच्या मागं मेंढरं होती, आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या मागं भोंगे. लग्न, बारसं, जत्रा... उभा जन्म स्पीकर लावण्यात गेला. धंदा सुटला, नाद सुटला नाही. घरात दोन मोठे स्पीकर, एक कॅसेट डेक आणि त्यांनी स्वतः जोडलेला अॅम्प्लिफायर. ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी — डेक नुसती कॅसेट फिरवतो, त्याचा आवाज एवढुसा. तो मोठा करून स्पीकरपर्यंत ढकलतो तो अॅम्प्लिफायर. त्याला लाइट नसेल तर स्पीकर म्हणजे नुसती लाकडी खोकी.

रोज दुपारी जेवणाआधी आप्पा एकच कॅसेट लावायचे. केडगावकडच्या एका लग्नात त्यांनी धनगरी ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. स्पीकरवाला सगळ्यांच्या शेवटी जेवतो, ही त्या धंद्यातली रीतच. त्या दिवशी आई सोबत होती, तिला राहवलं नाही. ऐन ओवीत माईकपाशी येऊन म्हणाली, “अवो, आधी दोन घास खाऊन घ्या की.” आणि लगेच आप्पांचा आवाज, “गप बस, टेप चालूय.” त्यावरून आई दोन दिवस बोलली नव्हती म्हणे.

आई जाऊन तीन वर्षं झाली. मोबाईल समोर धरला की ती तोंडावर पदर घ्यायची, त्यामुळे तिचा आवाज एवढाच उरलाय... एक वाक्य. आप्पा ते ऐकायचे आणि मगच ताटावर बसायचे.

मागच्या उन्हाळ्यात व्होल्टेज वाढून अॅम्प्लिफायर जळला. आत सगळा कोळसा. मी शहाणा, कॅसेट मोबाईलमध्ये घेतली आणि ब्लूटूथ स्पीकरवर लावली. आप्पांनी ऐकलं आणि म्हणाले, “डब्यातनं बोलल्यागत वाटतंय. तुझी आई अशी न्हवती.” त्या दिवसापासून त्यांचं जेवण तुटलं. अर्धी भाकरी, कधी तीही नाही. दोन महिन्यांत सदरा खांद्यावरून घसरायला लागला. डॉक्टरांना काही सापडेना. हा माणूस असाच आपल्या हातून जाणार, अशी मला खरंच धास्ती बसली होती.

माझा मामा, आईचा धाकटा भाऊ, दौंडला असतो. रेल्वेतून रिटायर. स्पीकरचं काम तरुणपणी आप्पांच्याच हाताखाली शिकलेला, आणि आता घरात तीन-तीन अॅम्प्लिफायर बाळगून आहे. मामी म्हणते, सवत परवडली असती, तिला एवढी जागा तरी लागली नसती. मामा फोनवर म्हणाला, “दाजींना घिऊन ये. तिन्ही ऐकवतो. पसंत पडंल त्यो घिऊन जावा.”

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही त्याच्या बाहेरच्या खोलीत बसलो. मामानं तिन्हींवर टॉवेल टाकले होते. “डबा बघितला की माणूस डोळ्यानं ऐकतो,” म्हणाला.

पहिला लावला. आप्पा म्हणाले, “लई साफ हाय. ओवी धुऊन इस्त्री केल्यागत. पर ती लांब गेली.” दुसऱ्यात ढोलच अंगावर यायला लागला. “आन् तिचं निम्मं बोलणं ढोलानं खाल्लं,” आप्पा म्हणाले आणि टोपी घालून उठायलाच लागले. “चल रं, जाऊ घरी.” तिसरा म्हणजे मामाचा सगळ्यात जुना, त्याच्यावर मामाचाही भरवसा नव्हता. मी आप्पांना हाताला धरून बसवलं. म्हटलं, “एवढा एक ऐका, मग जाऊ.”

आता या लोकांची एक सवय सांगतो. वायरीला हात लावायच्या आधी बोर्डातली पिन, म्हणजे वायरीच्या टोकाचा प्लग, काढायची आणि स्वतःच्या खांद्यावर टाकायची, म्हणजे दुसरं कुणी चुकून लावणार नाही. आप्पांनीच शिकवलेली. मामानं दुसऱ्याची पिन काढली, तिसऱ्याची खांद्यावर टाकली, मी स्पीकरच्या वायरी त्याला आवळल्या. डेकची पिन वेगळी, ती बोर्डातच होती. तेवढ्यात मामीनं चहा आणला. मामा कप घेऊन तिथंच स्टुलावर टेकला आणि मी डेकचं बटण दाबलं.

ओवी सुरू झाली. मोठी नाही, पण भरलेली. ढोल जिथल्या तिथं. आणि मग आई... “अवो, आधी दोन घास खाऊन घ्या की.” मी वळून दाराकडं बघितलं, इतकी ती खोलीत होती. मामी पिठाच्या हातानं आतून बाहेर आली. पुढं आप्पांचं रागावणं यायला हवं होतं. ते आलंच नाही. ओवी आपली लांबवर चाललेली, आणि कुणीतरी उत्तराची वाट बघत थांबल्यासारखं.

आप्पा स्पीकरकडं बघत म्हणाले, “खातो. वाढ तू.” आणि रडायला लागले. मामाही रडला, मीही.

कॅसेट थांबवून मी टॉवेल उचलला. अॅम्प्लिफायरचा दिवा बंद. वाटलं, दिवा गेला असेल. मग मामाकडं बघितलं. पिन त्याच्या खांद्यावरच होती. त्यानं चाचपून बघितली आणि हळूच म्हणाला, “मी लावलीच न्हाई की रं.”

आप्पांना त्यात काही रस नव्हता. ते मामीला विचारत होते, कालवण कशाचं केलंय. त्या दुपारी ते दोन भाकरी जेवले.

पिन काढली तरी अॅम्प्लिफायर क्षण-दोन क्षण वाजू शकतो, आत साठलेल्या करंटवर. हा चार-पाच मिनिटं वाजला. जेवण झाल्यावर मी मीटर लावून सगळं तपासलं, पिन काढून पुन्हा पुन्हा वाजवून बघितला. एकदाही हूं की चूं नाही. आम्हा चौघांनाही एकदमच भास झाला म्हणावं, तर मग कामावर माझ्या ऑपरेटरला मी कोणत्या तोंडानं बोलू? मला अजूनही काही सांगता येत नाही.

तोच अॅम्प्लिफायर आता आमच्या घरी आहे. पहिल्या दिवशी रीतसर पिन लावून चालू केला. आईचा आवाज छान आला, पण पाठोपाठ तेही आलं... “गप बस, टेप चालूय.” आप्पांचा चेहरा उतरला. मी घाईनं म्हणालो, “आप्पा, एवढं मी कॅसेटवरनं काढून टाकतो. सोपं आहे.”

त्यांनी माझा हात धरला.

“राहू दे. बोललो व्हतो मी. तिनं काढलं तेवढं बास झालं. तू नको काढू.”