सुजाताने सही दिली नाही

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा आमची कंपनी लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर होती. नवं सॉफ्टवेअर ठरल्या तारखेला ग्राहकाकडे गेलं म्हणून जेवण ठेवलं होतं. फोन तिच्या भावाचा होता... झोपेतच हृदय बंद पडलं होतं. चाळिशीही गाठली नव्हती तिने. मी आत जाऊन प्रोजेक्टप्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, "वाईट झालं. पण आत्ता ग्रुपवर टाकू नका, लोकांचा मूड जाईल." त्यांनीच तिला कामावरून काढलं होतं.

सुजाता टाकवे बुद्रुकची. चाचणी विभागात आम्ही शेजारी बसायचो. तयार सॉफ्टवेअर कुठे दगा देईल, हे आधी शोधणं आमचं काम. हॉस्पिटलांसाठीच्या एका मोठ्या प्रोजेक्टमध्ये तिला दोष सापडला : मध्येच नेट गेलं की कधीकधी एकाच नावाच्या दोन रुग्णांची माहिती एकमेकांत मिसळत होती. तिने मंजुरीची सही द्यायला नकार दिला.

"असं क्वचित होतं," प्रमुख म्हणाले. "आपण तारीख दिलीय."

"सर, आमच्या मावळात नेट क्वचित जातं का?"

त्यांनी तिला बैठकीतून उठायला सांगितलं आणि वरून सही आणली.

पुढे मावळातल्याच औंढ्याच्या एका बाईला तिच्याच नावाच्या दुसऱ्या बाईचं इंजेक्शन दिलं गेलं. ती वाचली, पण मूत्रपिंडं गेली. कंपनीने सगळं नर्सवर ढकललं; त्या पोरीला घरी बसवलं. हे कळल्यावर सुजाता एकटीच औंढ्याला गेली. त्या बाईच्या नवऱ्याला म्हणाली, "भाऊ, नर्सची चूक नाही. दोष आमच्या सॉफ्टवेअरमध्ये होता, आणि तो आम्हाला माहीत होता." त्याने तक्रार केली. नर्स कामावर परत आली. सुजाताला मात्र कंपनीची गुप्त माहिती फोडली म्हणून काढलं. नंतर मुलाखती चांगल्या व्हायच्या. पण तिथून आमच्या ऑफिसात चौकशीचा फोन आला, की पुढे सगळं थंड. प्रमुखांना त्याच वर्षी बढती मिळाली.

टाकव्याला तिच्या जलदानविधीला कंपनीतून माझ्याशिवाय कुणी आलं नाही. औंढ्याचे ते भाऊ आले होते, बायकोचं डायलिसिस उरकून. "येवढ्या मोठ्या कंपनीतली ही येकटीच आमच्या दारात आली," म्हणाले.

निघताना तिच्या आईने मला आतल्या खोलीत नेलं. खुंटीला इस्त्री केलेला ड्रेस, खाली ऑफिसची बॅग... पाण्याची बाटलीसुद्धा भरलेली.

"रोज सकाळी भरून ठेवायची," मावशी म्हणाल्या. "आज बोलावतील म्हनायची. आता मी भरते. न्हाई भरली तर दिवस सरत न्हाई."