रुपाच्या डोळ्यांतलं पाणी

धानोऱ्याची रुपा नंदुरबारच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. हुद्दा सहायकाचा, पण मशीन रुसलं की प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे 'रुपाताई, रुपाताई' करतात.

या फेब्रुवारीत पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेची प्रात्यक्षिक परीक्षा आली आणि लॅबमधली म्हातारी मशीनं अडून बसली. नवं पायथन त्यांच्यासाठी तयार मिळतच नव्हतं. जमलं नाही तर परीक्षा दुसऱ्या शहरात जाणार होती, आणि धडगावच्या सहा मुलींना घाट उतरून तिथं वेळेत पोचणं शक्यच नव्हतं. "मग घरीच बनवू," रुपा म्हणाली. म्हणजे पायथनचा कच्चा माल, सोर्स कोड, आणायचा आणि घरी मिरच्या कांडाव्यात तसा मशीनकडूनच तो कंपाइल करून चालण्याजोगा करून घ्यायचा. आयतं तिखट आणणाऱ्यांना हे खूळच वाटलं.

दोन दिवस तेच. पडद्यावर ओळी धावायच्या आणि वीसेक मिनिटांत मशीन ठप्प. रुपाने एकेक आज्ञा तपासली, स्वतःलाच दोष दिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिची आई नर्मदाबाई डबा घेऊन आल्या. त्या लॅबमागच्या पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळवायच्या मैदानावर, कामाला असतात.

"काय वं, रडी ऱ्हायनी का?"

"नही माय. पडदा पाहीपाही डोळा चुरचुरतस."

नर्मदाबाईंनी लेकीची हनुवटी वर केली. तीस वर्षं मिरचीत काढलेली बाई ती. "हाई मिरचीनं पानी शे," म्हणत त्या मशीनमागे गेल्या, तिथल्या गरम वाऱ्यापुढे वाकल्या आणि सणसणीत शिंकल्या.

झाकण उघडलं तर पंख्यावर लाल थर! मशीन तापून आपोआप बंद पडत होतं. अख्ख्या लॅबच्या नाकाला मिरचीची इतकी सवय, की कुणाला संशयसुद्धा आला नाही. मायलेकींनी पंखा झाडला, खिडकी लावली.

या वेळी काम तडीस गेलं, पण शेवटच्या ओळींत निरोप होता: डेटाबेसचं एक्स्टेन्शन, म्हणजे माहितीसाठ्याशी जोडणारा भाग, बनलेलं नाही. अर्धी परीक्षा त्यावरच होती. रुपाने कपाळाला हात लावला, त्या भागाला लागणारी, टाकायची राहून गेलेली कोडची लायब्ररी मशीनवर टाकली आणि पुन्हा सुरुवात केली. नर्मदाबाई पथारीवर परतल्याच नाहीत.

संध्याकाळी एक्स्टेन्शनसकट सगळं चाललं, आणि तेच बाकीच्या मशीनांवरही उतरवता आलं. रुपाने धडगावच्या भूमिकाला फोन लावला. "परीक्षा इथंच आहे गं. सगळ्या जणी या." पलीकडे सहाही पोरींचा गलका उठला.

फोन ठेवला तेव्हा रुपाचे डोळे वाहत होते. नर्मदाबाईंनी पुन्हा हनुवटी वर केली, नीट पाहिलं, आणि या वेळी मशीनकडे न जाता लेकीला जवळ घेतलं.