टोकाचा नारळ

अख्ख्या अष्टागरात नारळ खाण्यासाठी असतो हे ज्याला मान्य नाही असा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा निघाला. उभं आयुष्य मुंबईच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून आतोबा नागावच्या वाडीत परतले. तिथे पोरं झोपायची, इथे नारळ झोपतात, एवढाच फरक. पोरं तासाच्या कितव्या मिनिटाला पेंगतात हेसुद्धा त्यांनी टिपून ठेवलं होतं. दोघं-तिघं हजेरीलाच गार, दोघं-तिघं शेवटपर्यंत टक्क जागी, आणि बाकी सगळा वर्ग विसाव्या मिनिटाच्या आगेमागे आडवा. "बघ, झोपसुद्धा प्रसामान्य वितरणाने येते!" हे ते अशा थाटात सांगत, की ती कुणाच्या शिकवण्याने येते हा प्रश्न विचारायची आपल्यालाच लाज वाटावी.

माडावरून असोला नारळ उतरला की आतोबा शिंप्याची टेप त्याच्या पोटाला गुंडाळतात. कुंपणाच्या भिंतीवर खडूने सेंटीमीटरचे आकडे लिहिलेले आहेत, डावीकडे लहान, उजवीकडे मोठे. ज्या घेराचा नारळ, त्या आकड्यासमोरच्या रांगेत त्याची बदली. मधल्या आकड्यांच्या रांगा पार विहिरीपर्यंत जातात, कडेच्या आखूड होत होत टोकाला एकेकच नारळ उरतो. पाण्याच्या टाकीवर चढून पाहिलं, तर अंगणात देवळातली घंटा आडवी पडल्यासारखी दिसते. समुद्रात डुंबायला आलेलं एक अख्खं पुणेरी कुटुंब ओल्या कपड्यांनी, दात वाजवत, त्या टाकीवर रांगेत उभं राहिलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

"नारळ काय एका कारणाने मोठा होतो?" आतोबा खालून गरजत होते. "ऊन, पाणी, खारा वारा, उंदीर, शेजारच्या माडाची सावली! शंभर हात लागतात. कुणी जरा पुढे ढकलतो, कुणी जरा मागे. बहुतेकांचं ढकलणं एकमेकांत जिरतं, म्हणून मधे गर्दी. सगळ्या हातांनी एकाच बाजूला ढकललं, असं कितीदा होणार?"

"काका, आम्ही उतरू का?" वरून क्षीण आवाज आला.

"समजलं का?"

"समजलं! समजलं!"

मासे घेऊन येणारी कोळीण मात्र त्यांना पुरून उरते. तिच्या टोपलीतल्या बांगड्यांना टेप लागली, की ती हातावरची माशी हाकलल्यासारखी टेप उडवते. "वो मास्तर, मापून काय मासं मोठं होतान? घ्यायचं तं घ्या, न्हायतं उपाशी रव्हा!"

आत्या होती तेव्हा घंटा आटोक्यात होती. ती रोज पदर खोचून यायची, मधल्या रांगेतला एक नारळ उचलायची आणि म्हणायची, "तुमच्या घंटेतला एक टोल नेते हो." आतोबा ओरडायचे, आणि जेवताना दोनदा सोलकढी मागायचे. गेल्या चैत्रात आत्या गेली. आता उचलणारं कुणी नाही. घंटा फुगत फुगत ओटीच्या पायरीला टेकली आहे. स्वतःच्या घरात शिरायला आतोबांना मधल्या गर्दीतले, म्हणजे शंभरातले अडुसष्ट, नारळ ओलांडावे लागतात, आणि घरात शिरल्यावर ओलांडायला काहीच नसतं.

मागच्या महिन्यात मी गेलो, तर माणूस तीन दिवस बटर आणि चहावर. म्हटलं, आज बांगड्याचं कालवण मी करणार. वाटणाला नारळ हवा. मांडणी बिघडू नये म्हणून मी फार शहाणपणाने उजव्या टोकाचा, एकटा पडलेला, थोरला नारळ उचलला. सोलून फोडला. आत सुकं खोबरं निघालं. वाटणाला उत्तमच.

आतोबा वाडीतून आले आणि भिंतीपाशी थबकले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मधला घ्यायचास रे," ते म्हणाले. "मधले शेकड्यांनी आहेत."



"तो मोरीमागच्या माडाचा. तुझी आत्या तांदळाचं धुवण, भांड्यांचं पाणी, सगळं त्याच्या बुंध्यात ओतायची. रोज. वर त्याच्याशी बोलायची. शास्त्राप्रमाणे तो या घंटेत धरायलाच नको होता. बाकीच्यांना शंभर बारीक कारणं, त्याला एकच मोठं." मग म्हणाले, "आता त्याचेही नारळ मधल्या रांगेत बसायला लागलेत."

कालवण आम्ही दोघांनी खाल्लं. आतोबांनी दोनदा मागून घेतलं. जेवल्यावर त्यांनी करवंटीच्या दोन्ही वाट्या धुतल्या, एकमेकींवर बसवल्या आणि उजव्या टोकाच्या आकड्यासमोर नेऊन ठेवल्या.

तेव्हापासून दर रविवारी मी नागावला जातो. भात मीच लावतो, आणि धुवण मोरीमागे नेऊन ओततो. आतोबा ओटीवरून बघतात. परवा म्हणाले, "आठवड्यातून एकदाच घालून घेर वाढत नाही."

"मग रोज कोण घालणार?"

काल फोन केला तेव्हा मी विचारलं, जेवलात का. म्हणाले, "भात लावलाय. धुवण टाकून येतो, मग बोलू." आणि फोन तसाच चालू ठेवून गेले. मी कानाला लावून बसलो. लांबून पाणी ओतल्याचा आवाज आला. मग बराच वेळ आतोबा कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होते.